ओली की सुकी

कोणत्याही जुन्या स्पर्धेचा इतिहास म्हणजे वस्तुतः जेत्यांच्या नावांची यादी होय. क्रीडागृहाच्या भिंतीवर एक लाकडी फळी टांगलेली असते. तीवर डावीकडे साल आणि उजवीकडे नाव, एवढाच मजकूर सोनेरी अक्षरांत रंगविलेला असतो. अंतिम सामन्यात जो हरला त्याचे नाव फळीवर येत नाही, तथापि एखाद्या जाड पुस्तकात ते शोधणारास सापडते. परंतु जो हरलाही नाही आणि जिंकलाही नाही, जो दुसऱ्यास वाट देऊन बाजूस उभा राहिला, त्याची नोंद कोठे होत असेल? हा प्रश्न आम्हांस आयुष्यात फार उशिरा पडला. इ. स. २०२२ च्या मार्च महिन्यात एका वर्तमानपत्रातील चार ओळींनी तो आमच्यापुढे उभा केला, आणि त्या दिवसापासून तो आमची पाठ सोडावयास तयार नाही.

प्रसंग असा होता. इंग्लंडातील बर्मिंगहॅम शहरी चाललेल्या ऑल इंग्लंड बॅडमिंटन स्पर्धेत लक्ष्य सेन हा वीस वर्षांचा भारतीय तरुण अंतिम सामन्यापर्यंत पोचला होता, आणि त्या निमित्ताने वर्तमानपत्राने पूर्वी ह्या पायरीपर्यंत चढलेल्या भारतीयांची यादी दिली होती. सन १९८० साली वेंब्ली येथे इंडोनेशियाच्या लिम स्वी किंग ह्यांस पंधरा-तीन, पंधरा-दहा असे हरवून विजेतेपद मिळविणारे प्रकाश पदुकोण तीत होते. सन २००१ साली चीनच्या चेन होंग ह्यांस जिंकणारे पुल्लेला गोपीचंद होते. सन २०१५ साली अंतिम सामन्यात पहिला डाव घेऊनही स्पेनच्या कॅरोलिना मारिन हिच्याकडून पुढचे दोन गमावणारी सायना नेहवाल होती. ही नावे आमच्या परिचयाची होती. परंतु यादीच्या अगदी शिरोभागी एक अपरिचित नाव होते : प्रकाश नाथ, लाहोर, सन १९४७. त्यांच्याविषयीच्या त्या चार ओळी आम्ही प्रथम सहज वाचल्या आणि मग चहा निवून गेला तरी पुनःपुन्हा वाचीत राहिलो.

त्या ओळींत काय होते हे सांगण्यापूर्वी ह्या स्पर्धेची थोडी माहिती देणे अवश्य आहे. ह्या खेळाशी आम्हां पुणेकरांचा संबंध इतरांहून काहीसा जवळचा आहे, आणि पुणेकर तो सांगितल्यावाचून राहात नाहीत हेही वाचकांस ठाऊक असेल. इ. स. १८७० नंतरच्या दशकात पुण्याच्या लष्करी छावणीतील इंग्रज अधिकारी हा खेळ इतक्या आवडीने खेळत, की त्यास आमच्या गावावरून ‘पूना’ असेच नाव पडले होते. सुटीवर मायदेशी जाताना त्यांनी खेळही बरोबर नेला, आणि ग्लॉस्टरशर परगण्यात ब्यूफर्टच्या ड्यूकाचा बॅडमिंटन नावाचा जो वाडा आहे, त्या वाड्याचे नाव पुढे खेळास चिकटले. नाव आमचे राहिले नाही ह्याबद्दल खेद करण्याचे कारण नाही. इंग्लंडात १८९३ साली ह्या खेळाची संस्था निघाली आणि १८९९ साली ऑल इंग्लंड स्पर्धेस आरंभ झाला. पहिल्या वर्षी फक्त जोड्यांचे सामने झाले. एकट्याने एकट्याशी खेळण्याचे सामने दुसऱ्या वर्षापासून आले. पुढे १९७७ साली स्वीडनमधील माल्मो येथे जागतिक अजिंक्यपदाची निराळी स्पर्धा सुरू होईपर्यंत ऑल इंग्लंडचा विजेता तोच जगाचा विजेता, असे सर्वत्र मानीत असत. प्रकाश नाथ १९४७ साली कोठवर पोचले होते त्याची कल्पना ह्यावरून यावी.

दुसऱ्या महायुद्धामुळे ही स्पर्धा १९४० पासून बंद पडली होती आणि १९४७ साली लंडन येथे ती पुनः भरली. हिंदुस्थानातून प्रकाश नाथ आणि देविंदर मोहन असे दोन खेळाडू तीत खेळावयास गेले. दोघेही उत्तम खेळणारे. आणि दैवयोग असा, की उपांत्यपूर्व फेरीत ते एकमेकांच्याच समोर आले. सात समुद्र ओलांडून परक्यांशी लढावयास आलेल्या दोघांनी आपसांत झुंजून दमावे, आणि जो उरेल त्याने थकल्या अंगाने पुढच्या फेरीत जावे, हे त्यांस रुचले नाही. त्यांनी नाणे उडविले. कौल प्रकाश नाथांच्या बाजूने पडला. देविंदर मोहन बाजूस झाले. प्रकाश नाथ उपांत्य सामना जिंकून अंतिम सामन्यात दाखल झाले. त्यापूर्वी कोणीही भारतीय तेथवर पोचला नव्हता.

पुढील भाग अधिक करुण आहे. अंतिम सामन्याच्या दिवशी सकाळी प्रकाश नाथांनी वर्तमानपत्र उघडले तो लाहोर पेटल्याची वार्ता पुढे आली, असे सांगतात. ज्या शहरात आपले घर आहे, आपली माणसे आहेत, ते जळते आहे हे परमुलुखात कळलेल्या मनुष्याने त्याच दिवशी हाती रॅकेट घेऊन एका पिसांच्या फुलाकडे लक्ष द्यावयाचे! स्वीडनच्या कॉनी जेप्सन ह्यांच्याशी झालेल्या त्या सामन्यात ते दोन्ही डाव हरले. त्याच वर्षी देशाची फाळणी झाली, लाहोर सीमेपलीकडे गेले, आणि प्रकाश नाथांचा स्पर्धेतील खेळ तेथेच संपला.

प्रकाश नाथांविषयी कोणासही हळहळ वाटेल, आम्हांसही वाटली. परंतु वाचून झाल्यावर आमच्या मनासमोर जो मनुष्य उभा राहिला तो प्रकाश नाथ नव्हे. तो नाण्याचा कौल मानून बाजूस झालेला दुसरा मनुष्य होता. अंतिम सामन्याच्या वेळी तो कोठे बसला असेल? मित्राच्या हातून फूल जाळीत गेले त्या क्षणी ‘तेथे मी असतो तर’ असे त्याच्या मनात आले असेल काय? आणि तसे आले असल्यास, त्याने ते पुढे कधी कोणाजवळ बोलून दाखविले असेल काय?

हे प्रश्न आम्हीच का विचारावे, ह्यास कारण आहे, आणि ते सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहो.

आम्ही दोघे भाऊ. आमचा दादा आमच्याहून दीड वर्षाने वडील. वडिलांची कारकुनी, आणि पुण्याच्या पेठेतील एका वाड्यात दोन खणांची जागा. वाड्याच्या मधल्या चौकात वाळत घालण्याची जी दोरी होती, तीवर आईचे जुने लुगडे टाकले की आमची जाळी तयार होई. दोघांत मिळून रॅकेट एकच होती. दुसऱ्याने लाकडी फळकुटाने खेळावयाचे. वर मोकळे आकाश असल्यामुळे वाऱ्याची झुळूक आली की फूल भलतीकडे जाई. खेळ शिकविण्यास त्यापरते चांगले गुरुगृह नाही असे आम्हांस अजून वाटते, कारण हे फूल इतर सर्व चेंडूंहून निराळे असते. हंसजातीच्या पक्ष्याची सोळा पिसे एका बुचात रोवून ते करतात. त्याचे सारे वजन पाच-साडेपाच ग्रॅम. जितक्या जोराने ते मारावे तितक्या त्वरेने त्याचा वेग ओसरतो, आणि कसेही मारले तरी हवेत ते वळून बूच पुढे आणि पिसे मागे असेच जाते. नुसत्या दंडाच्या बळाने हा खेळ जिंकता येत नाही हे आम्ही त्या चौकात शिकलो. दादा आमच्याहून चांगला खेळे. हे त्या वेळीही आम्हांस ठाऊक होते, आणि आज ते लिहून ठेवण्यात आम्ही उपकार करीत नाही.

खेळास आरंभ कोणी करावयाचा हे ठरविण्याची रीत म्हणजे ओली-सुकी. कौलाची एक चपटी खापरी घ्यावयाची, एका बाजूस थुंकी लावावयाची, आणि ती उंच उडवून दुसऱ्याने ‘ओली’ किंवा ‘सुकी’ म्हणावयाचे. आमचा हट्टी स्वभाव असा, की आम्ही नेहमी ‘ओली’ म्हणत असू. दहा वेळा सुकी पडली तरी अकराव्या वेळीही ‘ओली’च. ह्या हट्टाबद्दल दादा आम्हांस हसे.

सन १९६७ च्या हिवाळ्यात परगावी भरणाऱ्या कुमारांच्या एका स्पर्धेत खेळण्याची संधी आम्हां दोघांस आली. प्रवेशाचे पैसे, आगगाडीचे भाडे, तेथील चार दिवसांचा खर्च हे सर्व मांडून वडील रात्री बराच वेळ कागदावर आकडे लिहीत बसले, आणि सकाळी त्यांनी सांगितले की दोघांपैकी एकाचीच व्यवस्था होऊ शकेल. कोणाची, ते त्यांनी सांगितले नाही. वडिलांस निवड करावयाची नव्हती हे आज समजते; त्या वेळी आम्ही त्यांच्यावर रुसलो. रॅकेटही शेवटी एकच होती.

त्या दिवशी संध्याकाळी दादाने आम्हांस चौकात बोलावले. “अरे, भांडायचे कशाला? ओली-सुकी करू,” असे म्हणून त्याने खापरी उचलली, आमच्याकडे पाठ करून तीस थुंकी लावली आणि उडविली. आम्ही अर्थातच ‘ओली’ म्हणालो. दिवेलागणीची वेळ होऊन गेली होती आणि चौकात अंधारले होते. खापरी फरशीवर पडून थोडी घसरत गेली. दादा खाली वाकला, “ओली! तू जा,” असे म्हणाला, आणि आम्ही जवळ जाऊन पाहण्याच्या आत त्याने ती खापरी उचलून शेजारच्या कौलांवरून पलीकडे भिरकावून दिली.

आम्ही स्पर्धेस गेलो. पहिला सामना कसाबसा जिंकला. दुसऱ्यात एका चपळ मुलाने अर्ध्या तासाच्या आत आमचा निकाल लावला. उरलेले दोन दिवस इतरांचे खेळ पाहिले आणि परत येताना तेथे टाकून दिलेले एक फूल खिशात घालून आणले. त्याची दोनच पिसे मोडली होती. दादाने हारजितीसंबंधी एक शब्दही काढला नाही. तेथील जमीन लाकडाची होती की शहाबादी, दिवे डोळ्यांवर येत होते काय, जाळीला खरी जाळी होती ना, असे त्याने विचारले, आणि ते फूल शेवटचे पीस गळेपर्यंत तो चौकात एकटा भिंतीशी खेळत राहिला.

इतकीच गोष्ट असती तर ती सांगण्याजोगी नव्हती. परंतु तीन वर्षांनी वडील वारले, आणि दोघांपैकी एकाने शिकावे व एकाने मिळवावे अशी वेळ घरावर आली. त्या वेळी खापरी कोणी उचलली नाही. दादाने एका पेढीवर हिशेब लिहिण्याची नोकरी धरली आणि आम्ही महाविद्यालयात गेलो. हे इतके सहज झाले की त्यात काही ठरविले गेले असे आम्हांस वाटलेच नाही. चौकातील त्या संध्याकाळी कोण जाणार आणि कोण राहणार हे एकदा ठरून गेले होते, आणि पुढे आयुष्यभर आम्ही दोघांनी तोच कौल पाळला. ह्या गोष्टीस आम्ही कित्येक वर्षे ‘आमचे नशीब’ म्हणत आलो. स्नेहीमंडळीत ओली-सुकीची हकीकत आम्ही हसत हसत सांगत असू. मात्र खापरी भिरकावून दिल्याचा भाग सांगताना वगळीत असू. का वगळीत असू, ह्याचा विचार प्रकाश नाथांविषयीच्या त्या चार ओळी वाचीपर्यंत आम्ही केला नव्हता.

लंडन येथील त्या दोघांनी जे केले ते खेळाच्या धर्मास धरून होते काय, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो अगदीच निराधार नाही. सामना म्हटला म्हणजे तो खेळून निकालास लागला पाहिजे. पैसे मोजून आलेल्या प्रेक्षकांचा त्यावर हक्क असतो. सन २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये महिलांच्या दुहेरीतील चार जोड्यांस, म्हणजे आठ खेळाडूंस, स्पर्धेतून काढून टाकण्यात आले, कारण पुढील फेरीत सोयीचा प्रतिस्पर्धी मिळावा ह्या हेतूने त्या मुद्दाम हरण्याचा प्रयत्न करीत होत्या. फूल जाणूनबुजून जाळीत मारले जाऊ लागले तेव्हा प्रेक्षागृहातून धिक्काराचा आवाज उठला. तो धिक्कार योग्यच होता. मग १९४७ सालच्या त्या नाण्यास आपण निराळा न्याय का लावावा?

आमच्या मते भेद असा आहे. ऑलिंपिकमधील खेळाडूंनी खेळण्याचे सोंग केले, आणि ते सोंग प्रत्येकीने आपल्याच लाभासाठी केले. नाणे उडविणाऱ्या दोघांनी सोंग केले नाही. आणि नाणे हवेत असताना दोघांपैकी प्रत्येकाने आपला स्वतःचा सामना गमावण्याची तयारी ठेवली होती. प्रेक्षकांचे ते देणे लागत होते हे खरे, आणि ते देणे फिटले नाही हेही खरे. तरीपण ज्या व्यवहारात स्वतःचे जाण्याचा संभव पत्करूनच मनुष्य उतरतो, त्यास कपट म्हणावयास आमची जीभ धजत नाही.

येथवर लिहिल्यावर आम्हांस थांबावे लागते. कारण लंडनमधील नाणे दोघांनीही पाहिले असेल. आमची खापरी आम्ही पाहिली नाही. ती खरोखर ओली पडली असेल. ती सुकी पडली असून दादाने ओली सांगितली असेल. अथवा आमच्याकडे पाठ करून त्याने तिच्या दोन्ही बाजू ओल्या केल्या असतील, कारण आम्ही काय म्हणणार हे त्यास ठाऊक होते. तिसरा संशय मनात येतो तेव्हा पंच्याहत्तरीकडे झुकलेला तो शांत मनुष्य आम्हांस पंधरा वर्षांचा दिसू लागतो, आणि त्याच्याकडे पाहवत नाही.

अंतिम सामना रविवारी, २० मार्च रोजी होता. आम्ही मुद्दाम दादाकडे गेलो. दूरचित्रवाणीवर सामना लागला होता. समोर डेन्मार्कचा व्हिक्टर अ‍ॅक्सेलसन, ऑलिंपिकचा विजेता, सहा फुटांहून उंच. पहिला डाव त्याने एकवीस-दहा असा सहज घेतला. आता नियम बदलले आहेत. पूर्वी आरंभ ज्याच्या हाती असेल त्यासच गुण मिळे आणि पंधरा गुणांचा डाव असे. सन २००६ पासून प्रत्येक चकमकीस गुण मिळतो आणि डाव एकवीसांचा झाला आहे. दादास हे नवे नियम आवडत नाहीत, पण ते त्यास आमच्याहून चांगले ठाऊक आहेत.

“ह्याचा थोरला भाऊही खेळतो,” दादा मध्येच म्हणाला. “चिराग. तोही चांगला आहे.”

इतक्या वर्षांत इतकी अनुकूल वेळ आली नव्हती. आम्ही सकाळी वाचलेली नाण्याची हकीकत त्यास सांगितली. लाहोरचे वर्तमानपत्र, अंतिम सामन्यातील पराभव, पुढची फाळणी, सर्व सांगितले. तो पडद्याकडे पाहात ऐकत होता. शेवटी आम्ही म्हणालो, “म्हणजे त्या दुसऱ्याचे बाजूला होणे फुकटच गेले म्हणायचे.”

“फुकट कसे?” दादा म्हणाला. “तो अंतिम सामन्यापर्यंत गेला ना?”

“पण हरला.”

“ते पुढचे झाले. नाणे उडवले तेव्हा कुणाला ठाऊक होते?”

त्याच्या बोलण्यात कसलाही अभिनिवेश नव्हता. जमाखर्चाची वही लिहिणारा मनुष्य ज्या स्वरात बाकी सांगतो त्या स्वरात तो बोलला. ह्याच मनुष्याने पन्नास वर्षांपूर्वी आमच्या पराभवाविषयी एक अक्षरही विचारले नव्हते, हे आम्हांस त्या क्षणी आठवले. आम्हांस जावयास मिळाले, येथेच त्याचा हिशेब पुरा झाला होता. आम्ही तेथे काय केले ही बाब त्या हिशेबात धरलेलीच नव्हती. आम्ही मात्र जन्मभर उलट हिशेब मांडीत आलो. आपण फारसे काही करून दाखविले नाही, म्हणून त्याचे बाजूस होणे वाया गेले, असे आम्ही मानीत होतो, आणि त्या लाजेपोटी ते त्याचे देणे होते हेच कबूल करीत नव्हतो.

आता विचारावे, असे आमच्या अगदी ओठांवर आले होते. परंतु मनात आले, की खापरी खरोखर ओली पडली असेल तर ह्या वयात त्याच्या मनात आम्ही एक निष्कारण शंका घालणार. आणि तशी पडली नसेल तर सत्तरी उलटलेल्या मनुष्याकडून पंधराव्या वर्षीच्या खोट्याची कबुली घेणार. दोन्ही प्रकारी हलके व्हावयाचे ते आम्हीच. आजपर्यंत जे त्याने दिले ते आम्ही घेतले. ही एवढी सुटकाही त्याच्याकडूनच मागून घ्यावी, असे आमच्याने होईना.

वहिनींनी चहा आणून ठेवला. दुसरा डाव अर्ध्यावर आला होता आणि लक्ष्य सेन मागे पडत होता, परंतु एकेक चकमक तो लांबवीत होता. एका वेळी जमिनीवर पडूनही त्याने फूल परत पाठविले, तेव्हा दादा खुर्चीच्या कडेवर सरकून बसला आणि त्याच्या उजव्या मनगटाची किंचित हालचाल झाली. चौकात फळकुट हाती असताना तो मनगट असाच फिरवीत असे.

“गुण किती झाले रे?” त्याने विचारले. त्याचा चष्मा बदलावयास झाला आहे.

आम्ही त्यास गुण सांगितले, आणि सामना संपेपर्यंत प्रत्येक चकमकीनंतर सांगत राहिलो.